हायब्रिड गाडीचे ट्रान्समिशन ऑइल : कोणते आणि केव्हा?

नवी गाडी घेताना ग्राहक किंमत, व्याजदर, मासिक हप्ता, विमा आणि लिटरमागे मिळणारी धाव यांचा हिशेब बारकाईने करतो. इंजिन ऑइल ठरावीक काळाने बदलावे लागते, हेही आता घरोघरी ठाऊक झाले आहे. मात्र इंजिनाला लागूनच असलेल्या ट्रान्समिशनमध्ये, म्हणजे बोलीभाषेतील गिअरबॉक्समध्येही, ऑइल असते व तेही कालांतराने जुने होते, याकडे सहसा लक्ष जात नाही. साध्या गाडीत हे दुर्लक्ष बराच काळ खपून जाते. हायब्रिड गाडीत ते तितके खपत नाही. कारण तेथे गिअरच्या पेटीतच विजेवर चालणाऱ्या दोन मोटारीही बसवलेल्या असतात, आणि एकच ऑइल गिअरना वंगण देते व त्या मोटारींच्या तांब्याच्या वेटोळ्यांना थंडही ठेवते.

हे ऑइल बदलण्याचा खर्च गाडीच्या वार्षिक विम्याच्या मानाने किरकोळ असतो. चुकीच्या ऑइलमुळे ती पेटी निकामी झाल्यास होणारा खर्च मात्र लाखांच्या घरात जातो. म्हणून ऑइल केव्हा बदलावे या प्रश्नाआधी कोणते ऑइल घालावे, हा प्रश्न सोडवणे अधिक निकडीचे आहे.

नाव एक, पेट्या तीन

भारतात 'हायब्रिड' हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. सन २०१५ मध्ये मारुतीच्या सियाझ या गाडीत जी प्रणाली आली, ती सौम्य हायब्रिड होती. तीत इंजिनाला पट्ट्याने जोडलेले एक जनित्र वेग घेताना इंजिनास थोडा हातभार लावते. गिअरबॉक्स मात्र नेहमीचाच राहतो. याउलट पूर्ण हायब्रिड, ज्यास बाजारात 'स्ट्राँग हायब्रिड' म्हणतात, ती गाडी काही अंतर केवळ विजेवर चालू शकते आणि तिची ट्रान्समिशनची पेटी मुळातच वेगळ्या तत्त्वावर उभी असते.

या सैलपणाचे परिणाम प्रत्यक्षात कसे होतात, यासाठी मारुतीच्या ग्रँड विटाराचे उदाहरण बोलके आहे. सन २०२२ मध्ये ही गाडी आली, तेव्हा तिच्या सौम्य हायब्रिड प्रकारात हाताने टाकण्याच्या गिअरची पेटी किंवा सहा गिअरची स्वयंचलित पेटी मिळत होती, तर पूर्ण हायब्रिड प्रकारात टोयोटाच्या तंत्राची पेटी होती. तिन्ही गाड्यांचे नाव तेच आणि तिन्हींचा उल्लेख लोक 'हायब्रिड' असाच करतात. परंतु तिघींना लागणारे ऑइल एक नव्हे. सुट्या भागांच्या दुकानात जाऊन 'ग्रँड विटारा हायब्रिडचे गिअर ऑइल द्या' एवढेच सांगणाऱ्यास योग्य डबा मिळेलच, याची खात्री कोणी द्यावी? टोयोटाची अर्बन क्रूझर हायरायडर हीदेखील याच कुळातील असल्याने तिच्या मालकांनाही हीच दक्षता घ्यावी लागते.

दुसरा घोटाळा 'ई-सीव्हीटी' या नावाने होतो. पूर्ण हायब्रिड गाड्यांच्या माहितीपत्रकात ट्रान्समिशनच्या रकान्यात बहुधा हा शब्द आढळतो. नेहमीच्या सीव्हीटीत दोन कप्प्यांवरून पोलादी पट्टा फिरतो. तो पट्टा घसरू नये म्हणून तेथे विशिष्ट घर्षण राखणारे ऑइल लागते आणि बाजारात ते 'सीव्हीटी फ्लुइड' या नावानेच विकले जाते. टोयोटाच्या हायब्रिड पेटीत असा पट्टाही नसतो आणि तसे कप्पेही नसतात. वेगाचे प्रमाण सलग बदलते, एवढ्याच साम्यावरून तिला ते नाव मिळाले आहे. एखाद्या नवशिक्या मेकॅनिकने 'ई-सीव्हीटी' वाचून सीव्हीटीचे ऑइल भरले, तर दोष केवळ त्याचा म्हणता येणार नाही. नामकरण करणाऱ्यांचाही त्यात वाटा आहे.

पेटीच्या आत

टोयोटाने प्रियस ही गाडी डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये विक्रीस आणली. भारतात ती २०१० पासून मिळू लागली, पण आयात गाडीची किंमत पाहता तिचा प्रसार मर्यादितच राहिला. पुढे २०१३ मध्ये कॅमरी हायब्रिडची जुळणी बंगळूरजवळील बिडदी येथे सुरू झाली. सन २०२२ मध्ये हायरायडर आणि त्यापाठोपाठ इनोव्हा हायक्रॉस आली, तेव्हा कोठे हे तंत्र मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्यात येऊ लागले. या सर्व गाड्यांच्या पेटीचे मूलतत्त्व प्रियसचेच आहे.

त्या पेटीत मध्यभागी एक छोटे दंतचक्र असते. त्याला सूर्यचक्र म्हणतात. त्याच्याभोवती काही ग्रहचक्रे फिरतात आणि या सर्वांना वेढणारे, आतून दाते असलेले एक कडे असते. इंजिन ग्रहचक्रांच्या चौकटीला जोडलेले, पहिली विद्युत मोटार सूर्यचक्राला, तर दुसरी मोटार व चाके बाहेरच्या कड्याला. प्रियसमध्ये सूर्यचक्राला ३० आणि कड्याला ७८ दाते आहेत. या प्रमाणामुळे इंजिनाचा सुमारे ७२ टक्के जोर थेट चाकांकडे आणि उरलेला २८ टक्के पहिल्या मोटारीकडे जातो. ही पहिली मोटार बहुतांश वेळ जनित्राचे काम करते. तिचा वेग कमीअधिक करून संगणक इंजिनाला सोयीच्या गतीवर ठेवतो. गिअर बदलण्याचा प्रश्नच त्यामुळे उद्भवत नाही. क्लचच्या चकत्या नाहीत, टॉर्क कन्व्हर्टर नाही, पट्टा नाही. दाते कायम एकमेकांत गुंतलेले.

यंत्ररचनेचा हा साधेपणा ऑइलच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. नेहमीच्या स्वयंचलित पेटीत क्लचच्या चकत्या सतत झिजतात, त्यांची पूड ऑइलमध्ये मिसळते आणि प्रत्येक गिअरबदलाबरोबर उष्णता निर्माण होते. हायब्रिड पेटीत हे घडत नसल्याने तेथील ऑइल तुलनेने सावकाश बिघडते.

परंतु त्या ऑइलवर दुसरीच एक जबाबदारी येऊन पडते. दोन्ही मोटारींची तांब्याची वेटोळी त्याच पेटीत आहेत आणि त्यांतून उच्च दाबाची वीज वाहते. प्रियसच्या दुसऱ्या पिढीत हा दाब ५०० व्होल्टपर्यंत होता, तिसऱ्या पिढीत तो ६५० व्होल्टपर्यंत गेला. पहिल्या मोटारीची गती दुसऱ्या पिढीतच मिनिटाला १०,००० फेऱ्यांपर्यंत पोचली होती. या वेटोळ्यांवरचे रोगण व तांबे यांना ऑइलने इजा करता कामा नये, आणि वीज एकीकडून दुसरीकडे झिरपेल इतके ते वाहकही होता कामा नये. टोयोटाने दीर्घकाळ यासाठी 'एटीएफ डब्ल्यूएस' हे पातळ, लालसर ऑइल वापरले. नव्या पिढीच्या काही पेट्यांसाठी वेगळ्या नावाचे ऑइल सांगितलेले असते. म्हणून गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेतील नाव अक्षरशः जुळवून घेणे हाच सुरक्षित मार्ग होय. डब्यावर 'सर्व गाड्यांसाठी उपयुक्त' असे छापलेले ऑइल दोनतीनशे रुपयांनी स्वस्त मिळते म्हणून घेणे ही काटकसर नव्हे.

होंडाचे गणित निराळे आहे. मे २०२२ मध्ये आलेल्या सिटी ई:एचईव्ही या गाडीत ग्रहचक्रांची वर सांगितलेली रचना नाही. तीत शहरातील वेगात इंजिन बहुधा केवळ जनित्र फिरवते आणि दुसरी मोटार चाके चालवते. महामार्गावर एक क्लच जोडला जाऊन इंजिन थेट चाकांना जोडले जाते. म्हणजे येथे क्लच आहे, आणि त्याच्या पकडीचा विचार ऑइलने करावाच लागतो. तरीही माहितीपत्रकात ट्रान्समिशनचे नाव तेच, ई-सीव्हीटी! टोयोटाचे ऑइल होंडात किंवा होंडाचे टोयोटात घालण्याचा प्रयोग कोणी करू नये.

'आजीवन' म्हणजे किती?

अनेक गाड्यांच्या देखभाल तक्त्यात ट्रान्समिशन ऑइलसमोर 'तपासा' असा शब्द असतो, 'बदला' असा नसतो. त्यावरून हे ऑइल आजीवन टिकणारे आहे, असे विक्रेते व कधीकधी सर्व्हिस सेंटरचे कर्मचारीही सांगतात. हे अगदीच खोटे नाही. वॉरंटीचा काळ आणि त्यापुढील काही वर्षे मूळ ऑइलवर सुखरूप जातात, असा अनुभव आहे. तथापि गाडी बनवणाऱ्याच्या हिशेबातील आयुष्य आणि ती दहाबारा वर्षे वापरू इच्छिणाऱ्या कुटुंबाच्या हिशेबातील आयुष्य एकच असेल, असे गृहीत धरता येत नाही.

तक्ता वाचताना आणखी एक गोष्ट पाहावी. बहुतेक पुस्तिकांत सर्वसाधारण वापर आणि कठीण वापर अशी विभागणी असते. सतत धूळ, खूप उष्ण हवा, वारंवार घाटातील चढउतार, भरगच्च ओझे, टॅक्सी म्हणून वापर या गोष्टी सामान्यतः दुसऱ्या विभागात मोडतात. नागपूर वा जयपूरच्या मे महिन्यातील ऊन, बंगळूर-पुण्यातील रेंगाळती वाहतूक आणि सुट्टीत सात माणसे व त्यांचे सामान घेऊन चढलेला घाट, यांतले काहीच आपल्याकडे अपवादात्मक नाही. आपला वापर 'सर्वसाधारण' आहे असे समजणाऱ्या वाहनधारकाने तो तक्ता एकदा नीट वाचावा.

हायब्रिड गाड्या हाताळणारे अनुभवी मेकॅनिक साधारणपणे ८० हजार ते १ लाख किलोमीटरच्या दरम्यान हे ऑइल बदलण्याचा सल्ला देतात. पुस्तिकेत यापेक्षा आधीचा टप्पा दिला असेल, तर तोच पाळावा. पहिला बदल विशेष उपयोगी असतो, कारण नव्या दात्यांची सुरुवातीची झीज धातूच्या सूक्ष्म कणांच्या रूपाने त्याच ऑइलमध्ये तरंगत असते. वर्षाला १२,००० किलोमीटर धावणारी घरगुती गाडी सातव्या वर्षाअखेर ८४,००० किलोमीटरवर येते. सात वर्षांच्या वाहनकर्जाचा शेवटचा हप्ता भरून नोंदणी पुस्तकावरील बँकेच्या तारणाची नोंद उतरते, तोच हा सुमार. महिन्याला ५,००० किलोमीटर चालणारे पर्यटन वाहन मात्र ८० हजारांचा पल्ला सोळा महिन्यांत गाठते, आणि त्याच्या मालकाच्या डोक्यावर तेव्हा कर्जाचा बहुतांश बोजा शिल्लक असतो. त्याने वर्षे मोजू नयेत, किलोमीटर मोजावेत.

प्रत्यक्ष काम

काम फार मोठे नाही. ज्यांनी साध्या स्वयंचलित गाडीचे ऑइल बदलताना पाहिले आहे, त्यांना ते सोपेच वाटेल. साध्या पेटीत खालचा बोल्ट उघडल्यावर सर्व ऑइल बाहेर येत नाही. बराच भाग टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतो. म्हणून काही ठिकाणी यंत्राच्या साहाय्याने पेटी धुऊन काढण्याचा आग्रह धरला जातो. टोयोटाच्या हायब्रिड पेटीत टॉर्क कन्व्हर्टरच नसल्याने एकदा उघडताच जवळजवळ सगळे जुने ऑइल निघून जाते. अशा गाडीसाठी पेटी धुण्याचे वेगळे शुल्क कोणी सुचवले, तर ते नम्रपणे नाकारावे.

गाडी प्रथम सपाट लिफ्टवर घेतात. येथे हायब्रिड गाडीपुरती एक सूचना अत्यंत महत्त्वाची आहे. इंजिनाचा आवाज येत नाही म्हणजे गाडी बंद आहे, असा अर्थ होत नाही. फलकावरील 'रेडी'चा दिवा लागलेला असेल, तर बॅटरी उतरताच इंजिन आपोआप सुरू होऊ शकते. खाली माणूस काम करत असताना असे घडले तर काय होईल, हे सांगावयास नको. गाडी पूर्ण बंद करून किल्ली दूर ठेवल्याशिवाय कामास हात घालू नये. नारिंगी वेष्टनाच्या जाड वायरी उच्च दाबाच्या असतात. ऑइल बदलण्यासाठी त्यांना स्पर्श करण्याची गरज पडत नाही.

त्यानंतर भरण्याचा बोल्ट आधी सैल करून पाहावा आणि मगच खालचा उघडावा. हा क्रम वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु सर्व ऑइल काढून झाले आणि वर्षानुवर्षे न उघडलेला वरचा बोल्ट हलेनासा झाला, तर गाडी लिफ्टवरच अडकून पडते. खालचा बोल्ट ओळखण्यातही चूक होते. इंजिन ऑइलचा बोल्ट समजून ट्रान्समिशनचा उघडला जातो, ट्रान्समिशन रिकामे होते आणि इंजिनात मात्र जुन्या ऑइलवर नवे ऑइल ओतले जाते. अशी गाडी गॅरेजबाहेर पडून थोडीच दूर गेली, तरी नुकसान होऊन चुकते. प्रियसच्या दुसऱ्या पिढीत तर शीतकाचा बोल्टही ऑइलच्या बोल्टजवळच आहे.

जुने ऑइल मापाच्या भांड्यात घ्यावे. किती निघाले हे कळल्याने किती भरावे याचा अंदाज येतो, आणि आधीच कमी होते का, हेही समजते. प्रियसच्या दुसऱ्या पिढीत सुमारे ३.८ लिटर ऑइल बसते. इतर गाड्यांचे माप पुस्तिकेत असते. लालसर ऑइल तपकिरी वा काळपट झालेले असणे हे वयाचे सामान्य लक्षण होय. करड्या रंगाचा बारीक साका दिसला तरी घाबरण्याचे कारण नाही. मात्र बोटाला टोचतील असे धातूचे तुकडे, करपट वास किंवा दुधाळ रंग यांपैकी काही आढळल्यास केवळ ऑइल बदलून समाधान मानू नये.

बोल्टखालच्या चकत्या प्रत्येक वेळी नव्या घालाव्यात आणि बोल्ट सांगितलेल्या जोरानेच आवळावेत. प्रियसच्या दुसऱ्या पिढीसाठी तो ३९ न्यूटन-मीटर आहे. पेटी ॲल्युमिनिअमची असल्याने लांब पान्याला लोंबकळून आवळणाऱ्यांच्या हातून आटे जाण्याची भीती असते. नवे ऑइल लांब नळीच्या नरसाळ्याने किंवा हातपंपाने भरतात. प्रियसमध्ये ऑइलची पातळी भरण्याच्या छिद्राच्या खालच्या कडेपासून १० मिलिमीटरच्या आत यावी लागते. अधिक भरल्यास गिअर ते घुसळून फेस करतात, कमी राहिल्यास मोटारी तापतात. थोडे जास्त असलेले बरे, हा स्वयंपाकघरातील न्याय येथे लागू पडत नाही.

पाण्यातून गेलेली गाडी

वेळापत्रकाची वाट न पाहता ऑइल तपासून घ्यावे असा एक प्रसंग म्हणजे पूर. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत आणि डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईत असंख्य गाड्या तासन्‌तास पाण्यात उभ्या होत्या. ट्रान्समिशनच्या पेटीला हवा आत-बाहेर जाण्यासाठी लहानसे छिद्र असते. पाणी त्या उंचीपर्यंत चढल्यास ते आत शिरू शकते आणि ऑइल दुधाळ होते. साध्या गाडीत यामुळे गंज व झीज होते. हायब्रिड गाडीत त्याच ऑइलमध्ये उच्च दाबाची वेटोळी असल्याने विद्युत रोधनही धोक्यात येते. वीज गाडीच्या सांगाड्याकडे झिरपू लागल्याचे संगणकाच्या लक्षात आल्यास तो धोक्याचा दिवा लावतो आणि अनेकदा गाडी पुन्हा सुरूही होऊ देत नाही.

अशी गाडी सुरू करून पाहू नये आणि पुढची चाके रस्त्यावर ठेवून ओढतही नेऊ नये. चाके फिरली की त्यांना जोडलेली मोटार फिरते आणि वीज निर्माण करते. गाडी संपूर्ण उचलून नेणारे सपाट वाहनच मागवावे. पाण्यामुळे इंजिन व गिअरबॉक्सची झालेली हानी मूळ विमा पॉलिसीत बहुधा येत नाही. त्यासाठी जादा हप्ता भरून वेगळे संरक्षण घ्यावे लागते. त्या संरक्षणाच्या शब्दरचनेत हायब्रिडच्या विद्युत मोटारींचा समावेश आहे की नाही, हे पॉलिसी घेतानाच विचारून घ्यावे. पावसाळ्यानंतर विचारून उपयोग नसतो.

बिलावर काय असावे

हायब्रिडच्या मोठ्या बॅटरीवर टोयोटा आपल्याकडे ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी देते. अनेक ग्राहक तो आकडा संपूर्ण गाडीला लागू समजतात. ट्रान्समिशनची पेटी बॅटरीच्या वॉरंटीत येत नाही; ती वाहनाच्या सर्वसाधारण वॉरंटीत मोडते आणि तिची मुदत त्याहून बरीच आखूड असते. वॉरंटी चालू असेपर्यंत हे काम अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये करून घेणे हिताचे. पुढे विश्वासू गॅरेजही चालते, फक्त बिलावर 'गिअर ऑइल बदलले' एवढेच लिहून घेऊ नये. ऑइलचे पूर्ण नाव, भरलेले लिटर, त्या दिवशीचे किलोमीटर आणि नव्या चकत्यांचा उल्लेख असावा.

जुनी हायब्रिड गाडी कर्ज काढून घेणाऱ्यासाठी तर हा कागद विक्रेत्याच्या शब्दाहून मोलाचा ठरतो. १ लाख किलोमीटर ओलांडलेल्या गाडीचे असे बिल उपलब्ध नसेल, तर या कामाचा खर्च किमतीतून वजा करून मागावा आणि व्यवहार पक्का करण्यापूर्वी ऑइलचा नमुना काढून त्याचा रंग पाहू देण्याची अट घालावी. प्रामाणिक विक्रेता त्यास सहसा हरकत घेत नाही.

उरतो निचरा केलेल्या जुन्या ऑइलचा प्रश्न. सन २०१६ च्या घातक कचरा व्यवस्थापन नियमांनुसार असे ऑइल गटारात वा मोकळ्या जागेत टाकता येत नाही; ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जावे लागते. घरच्या अंगणात हे काम करण्याची हौस असणाऱ्यांनी ते झाकणबंद डब्यात भरून जवळच्या सर्व्हिस सेंटरकडे सोपवावे. अनेक ठिकाणी ते विनातक्रार ठेवून घेतात.